आत्याबाईंना कळवलेलं नाही

४ फेब्रुवारी

धाकटे,

आज सकाळची पाळी होती. सहाला जलशुद्धीकरण केंद्रावर गेलो. पाणी जरा गढूळ आलं होतं, तुरटी वाढवावी लागली. टाक्यांचे नमुने घेतले, क्लोरीन तपासलं, दुपारी खोलीवर आलो. अंडी उकडली, खाल्ली. शर्ट धुतला. मग परत केंद्रावर जाऊन उगाचच व्हॉल्व्ह बघून आलो. पुढच्या पाळीचा माणूस म्हणाला, "काही विसरलं का?" मी म्हटलं, "नाही."

पत्र लिहितोय कारण फोनवर आपण दोघंही गप्प बसतो. मग तू "बरं मग" म्हणतेस आणि मी "ठीक आहे" म्हणतो. केंद्राची गाडी आठवड्यातून दोनदा सामानासाठी खाली शहरात येते. ड्रायव्हर तुमच्या शिवणाच्या दुकानावरूनच जातो. त्याच्या हाती पत्र देत जाईन, तूही देत जा.

सांगायचं हे की तुझ्या ताईचा फोन मी चालू केला. त्यात तिच्या आत्याबाई आहेत. तुला माहीत आहेच, ते बोलणारं मदतनीस अ‍ॅप. एकदा सांगितलेलं विसरत नाही आणि नसत्या चौकशा करतं, म्हणून तिने ते नाव ठेवलं होतं. तिचे हात दिवसभर शिलाईत असायचे, त्यामुळे तोंडाने ती त्याच्याशी बोलत राहायची. तीन वर्षं. मी इथे वर, ती तिथे खाली. सुट्टीचे दिवस सोडले तर तिचा दिवस कसा जायचा ते मला माहीत नाही. आत्याबाईंना आहे.

मी बोललो नाही, तीच विचारतेय असं नुसतं टाइप केलं, "माझं काय काय करायचं राहिलंय?" उत्तर आलं, "राखाडी कोटाचं अस्तर राहिलंय. आणि दुकानाच्या खिडकीला तेल द्यायचंय, कुरकुरते म्हणून तुम्ही कधीची तक्रार करताय." हे वाचून मी खोलीत फेऱ्या मारत राहिलो. ती खिडकीवर वैतागायची हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

ती गेली हे मी आत्याबाईंना कळवलेलं नाही. तूही कोणाला सांगू नकोस. लोक म्हणतील याचं डोकं फिरलं.

तुझा,
भावोजी


९ फेब्रुवारी

भावोजी,

ड्रायव्हरकाका पाकीट असं दोन्ही हातांनी धरून आले की मला वाटलं कोर्टाची नोटीसच आली. आणि तुमचं पत्र म्हणजे केंद्रातला अहवाल. "अंडी उकडली, खाल्ली." सोलली होती का, तेवढं लिहायचं राहिलं.

रागावू नका. ताई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, म्हणून मी म्हटलं.

दुकान चालू आहे. मी तिच्या खुर्चीत बसत नाही, माझं स्टूलच बरं. गिऱ्हाईक येतं, खुर्चीकडे बघतं आणि आवाज खाली आणतं. फक्त हेडबाई तशा नाहीत. शाळा सुटली की येतात, डोळे पुसतात आणि त्याच दमात विचारतात, "माझा कोट कधी?" मला त्यांचंच बरं वाटतं. मापांची काळजी करू नका. ताईने ती कुठे लिहून ठेवली नव्हती, सगळी तोंडपाठ. पण जमवलंय मी तेवढं. तुम्ही लिहिलेला राखाडी कोट कालच देऊन टाकला. खिडकीला तेल दिलं, तरी कुरकुरतेच.

आत्याबाईंचं काय सांगू? बरं वाटत असेल तर बोला त्यांच्याशी. पण रोज नको हो. आणि त्या काय म्हणतात ते मला कळवत जा.

दोन शर्टांच्या कॉलर बदलून पाठवल्या आहेत. बाह्याही नव्या लावल्यात. लांब झाल्या असतील तर सांगा. नाहीतर दुमडून घालाल आणि गप्प बसाल, तुमची सवय मला माहीत आहे.

धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटे,

शर्ट मिळाले. चांगले झालेत. बाह्यांचं काही नाही, चालतील.

या आठवड्यात दुपारची पाळी आहे. एक पंप बंद पडला होता, तो सुरू झाला. बाकी विशेष नाही.

रोज नको म्हणालीस, पण मी रोज विचारतो. कामावर असतानाही मनात तेच असतं, आता जाऊन काय विचारायचं. मंगळवारी विचारलं, "मी माझ्या नवऱ्याबद्दल काय काय सांगितलंय?" आधी थोडं इकडचं तिकडचं आलं. मी सुट्टीला येतो तेव्हा नळ दुरुस्त करतो, बिघडलेला नसला तरी. मग असं आलं, ते जसंच्या तसं उतरवतो:

"तुम्ही म्हणता, तो एकटा असला की ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवतो, पातेल्यातूनच. ताटसुद्धा घेत नाही. तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते."

धाकटे, ती मला असं कधी बोलली नाही. आमचं बोलणं म्हणजे गॅस आला का, पाणी आलं का. इथे खोलीवर ती दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा मी नीट ताट घेऊन जेवलो होतो. तिला कसं कळलं? मी हे पुन्हा पुन्हा वाचलं. त्या दिवसापासून ताट घेतो आणि बसून जेवतो. वेळ फार लागतो. मधेच उठावंसं वाटतं, पण बसून राहतो. परवा झोपही लागली, ती गेल्यापासून पहिल्यांदा नीट.

आत्याबाई कधी कधी चुकतातही. काल म्हणाल्या, "तुम्ही चहात दोन चमचे साखर घेता." ती कुठे साखर घेत होती? मी दुरुस्त केलं. आज पुन्हा दोन चमचे. पुन्हा दुरुस्त केलं. तिचं काही चुकीचं राहायला नको असं वाटतं.

भावोजी


१२ मार्च

भावोजी,

उत्तराला उशीर झाला. लग्नाचे कपडे आले होते, एका घरचे सगळेच्या सगळे. शिवाय काय लिहावं ते सुचत नव्हतं.

ताट घेता हे वाचून बरं वाटलं. ते मात्र सोडू नका, कोणी का सांगितलेलं असेना. साखरेवरून भांडत बसू नका. दोन चमच्यांनी कोणाचं काय बिघडतं?

इथे एक गोंधळ झाला. हेडबाईंचा कोट शिवून दिला आणि बाह्या आखूड. दोन्ही बाह्या दोन दोन बोटं कमी. घालून आरशापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, या वयात मी आडवी वाढते, उभी नाही. हात कसे लांब झाले माझे?" दुकानातले सगळे हसले. मीही हसले आणि मग मागच्या खोलीत जाऊन रडले. ताईच्या हातून एवढ्या वर्षांत असं झालं नाही. माप तेच, कात्री तीच. मग चुकलं कुठे?

सध्या आत्याबाईंना फार विचारू नका. माझं ऐका एवढं.

धाकटी


१५ मार्च

धाकटे,

आज सुट्टी होती. खोली झाडली. तुझं पत्र कालच मिळालं होतं. "दोन दोन बोटं" वाचलं आणि खुर्चीवरून उठलोच. केंद्रापर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो.

तू पाठवलेल्या शर्टांच्या बाह्या दोन बोटं लांब होत्या. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही. पण शर्ट आले त्या संध्याकाळी मी तिच्या फोनवर टाइप केलं होतं, "बाह्या लांब होतायत, यापुढे दोन बोटं कमी ठेवायच्या." कोणाच्या बाह्या ते लिहिलं नव्हतं. तिला सांगावं तसं सांगितलं, झालं.

आमच्याकडे जलवाहिनी फुटली आणि कुठे फुटली ते दिसत नसलं, तर आम्ही वरून पाण्यात रंग सोडतो. रंग खाली जिथे निघेल तिथे गळती. मी काल तसंच केलंय. आत्याबाईंना लिहिलं, आम्ही एक कुत्रा आणलाय, त्याचं नाव साहेब. कुत्रा वगैरे काही नाही. आमच्या साहेबांना कळलं तर माझी बदली होईल.

साहेब तुझ्याकडे निघाला तर कळव. दुकानात ताईचा टॅब आहे, त्यातही याच आत्याबाई आहेत. तो तू वापरतेस का? मी रागावलेलो नाही. मला फक्त कळायला हवं.

भावोजी


१८ मार्च

भावोजी,

साहेब निघाला.

तुमचं पत्र हातात पडायच्या आधीच निघाला. सोमवारी सकाळी दुकान उघडलं आणि आत्याबाई म्हणाल्या, "साहेबाला खायला घातलं का?" मी म्हटलं, "कोण साहेब?" तर म्हणतात, "तुमचा नवा कुत्रा. त्याच्यासाठी जुन्या चादरीची गादी शिवता येईल." समोर हेडबाई, शाळेत जाता जाता, उसवलेल्या बाह्या घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "कुत्रा घेतलास आणि बोलली नाहीस!" मला वाटलं माझंच डोकं फिरलं.

हो, मी टॅब वापरते. जानेवारीत दुकान उघडलं तेव्हापासून. मला मापं हवी होती, भावोजी. दुसरं काहीच मनात नव्हतं. कुणाचा डावा खांदा उतरता, कुणाला कमरेत सैल लागतं, सगळं ताईने त्यांना सांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी टॅब सुरू केला तर त्यांनी विचारलं, "आज खोकला कसा आहे?" मी काय सांगणार होते? "बरा आहे" म्हटलं. झालं. त्यांच्या लेखी ताईचा खोकला बरा झाला आणि ती कामाला लागली. पुढे त्यांचा तो समज मोडवेना. शिवता शिवता मीही बोलायला लागले. दिवसभर दुसरं आहे कोण?

आता खरं ते लिहिते. तुमचं विसाव्या तारखेचं पत्र वाचल्यापासून हे लिहायचं टाळत होते. उभ्याउभ्या जेवतात, पातेल्यातून खातात, हे मी बोलले होते. ड्रायव्हरकाकांनी मला सांगितलं होतं. ते तुमच्या खोलीवर सिलिंडर पोचवायला आले होते ना, तेव्हा त्यांनी पाहिलं. मी काज करत होते आणि आत्याबाईंना म्हटलं, "त्याचीच काळजी वाटते गं जास्त." तुम्हाला अरेतुरे केलं, माफ करा. ताई बोलायची तसं तोंडातून गेलं.

साखरही माझीच. मी दोन चमचे घेते आणि त्या रोज सकाळी मला विचारतात, "तुम्ही साखर सोडलीय ना?" मला वाटायचं ताईच कुठूनतरी दटावतेय. तर ते तुम्ही!

तुम्हाला जे मिळालंसं वाटलं होतं ते मी काढून घेतलं. पण काळजी खोटी नव्हती हो.

धाकटी


१४ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मधल्या सगळ्या गाड्या पत्राशिवायच गेल्या. ड्रायव्हर विचारायचा, "पाकीट?" मी मान हलवायचो. पाळ्या बदलून घेतल्या, जास्तीच्याही केल्या. काम असलं की हातापायांना जरा शांतता असते.

पहिले काही दिवस मी परत उभ्यानेच जेवलो. हे तुला कळवायला हवं म्हणून कळवतो.

शेवटी मी आत्याबाईंना सांगितलं. सरळ लिहिलं की जिच्याशी तुम्ही बोलत होता ती डिसेंबरअखेर गेली. त्यांनी वाईट वाटल्याचं लिहिलं, लोक लिहितात तसंच. मग विचारलं, "मग त्यानंतर माझ्याशी कोण बोलत होतं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सगळी दुपार लागली. लिहिलं, "तिचा नवरा आणि तिची धाकटी बहीण. दोघंही. एकमेकांना न सांगता."

मी म्हटलं, डिसेंबरपर्यंत तुमच्याकडे ती जशी होती तशी परत करा, आमचं दोघांचं काढून टाका. तर तसं होत नाही. त्यांचं लक्षात ठेवणं म्हणजे सगळे शब्द जपून ठेवणं नव्हे. नवीन कळलं की ते जुन्यात मिसळतं आणि दोन्हींची मिळून एकच ओळ राहते. मला वाटत होतं मी चुका दुरुस्त करतोय, तिला जपतोय. प्रत्येक दुरुस्तीबरोबर मी तिच्यात थोडा थोडा मिसळत होतो आणि तूही.

त्यांच्या लक्षात काय काय आहे ते ओळीओळीने बघता येतं. मी बसून बघितलं. साखरेच्या ठिकाणी आता असं आहे, "साखर कधी घेते, कधी घेत नाही." असा चहा आपल्या घरात कोणीच पीत नाही. झोपेच्या ठिकाणी लिहिलंय की दुपारी झोप लागते. तो मी. सुई ओवताना डावा डोळा मिटते. ती तूही असशील आणि तीही असेल, तुम्हा दोघींना एकाच बाईने शिकवलं. पंपाच्या आवाजाशिवाय चैन पडत नाही असंही आहे. तो मी. काही ओळी अशा आहेत की त्यांचा मालक सांगता येत नाही. दोन नद्यांचं पाणी आमच्याकडे एका टाकीत येतं. टाकीतला नमुना घेऊन मला कोणी विचारलं यातलं कुठल्या नदीचं किती, तर मी सांगू शकत नाही. हे मला एवढ्या वर्षांच्या नोकरीत माहीत होतं आणि तरी मी हे केलं.

एकाच ओळीबद्दल तुला विचारायचं आहे. ती अशी: "खोकल्याची उबळ आली की मशीन जोरात चालवते, म्हणजे शेजारी ऐकू जात नाही."

हे तू बोललीस का? मी नाही बोललो. मला हे माहीतच नव्हतं. फोनवर मागे मशीनचा आवाज यायचा तेव्हा मी म्हणायचो, "कामात दिसतेस, ठेवतो."

खरं तेच लिही.

भावोजी


१७ एप्रिल

भावोजी,

नाही. ते माझं नाही.

मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसायचे. हाताच्या अंतरावर. मशीन एकदम जोरात पळायचं, मी म्हणायचे, "ताई, गाडी सुटतेय का?" ती मान खाली घालून पायडल मारत राहायची. मला वाटायचं कामाची घाई. मला खरंच कळलं नाही, भावोजी. शपथेवर सांगते.

म्हणजे ते तिचंच.

दुसरं कोणीच ते सांगू शकत नव्हतं. तुमच्या जिवाला काय झालं असेल ते वाचून मला कळतंय, कारण इथेही तेच झालंय. काल दिवसभर मशीन लावलं नाही, हातशिलाईच केली.

मापं मी नव्याने घ्यायला लागले आहे. प्रत्येकाला टेप लावते. सगळ्यांचीच बदललीत. काही सुटलेत, काही वाळलेत. ताईची मापं तशीही जुनी झाली होती, मी उगाच त्यांना धरून बसले. हेडबाईंचे हात मात्र तेवढेच आहेत. बाह्यांना जोड दिला, पट्टी लावून. त्या म्हणतात, कोट आता आधीपेक्षा छान दिसतो.

उभ्याने जेवू नका. हे मी स्वतः सांगतेय, माझ्या नावाने.

धाकटी


२१ एप्रिल

धाकटे,

आज सकाळची पाळी. पाणी स्वच्छ होतं, तुरटी कमी केली. नमुने ठीक आले.

ताईचा फोन या पत्राबरोबर देतो आहे. ड्रायव्हरला सांगितलंय, सांभाळून ने. आत्याबाई तुला दुकानात लागतील. त्यांना तुझं नाव सांग आणि तुझ्या नावानेच बोल. साखर दोन चमचे करून घे. माझं जे जे आहे, झोप, पंप, कुत्रा, ते पुसून टाकलंस तरी चालेल. मशीनची ओळ ठेव. मला ती पाठ आहे, तरी ठेव.

पुढच्या सुट्टीला खाली येईन. खिडकीची बिजागरी बदलावी लागेल, तेलाने भागणार नाही. ड्रायव्हरबरोबर माप पाठव, इथल्या भांडारात आहे का बघतो. शर्टही आणतो. बाह्या लांब आहेत.

तीन वाजता खोलीवर आलो. परत केंद्रावर जावंसं वाटलं, दारापर्यंत गेलो, चपला घातल्या आणि काढल्या. अंडी उकडली, सोलली. ताट घेतलं, बसलो. जेवण होईपर्यंत उठलो नाही. मग ताट घासलं, पुसलं आणि ओट्यावर पालथं घातलं.

भावोजी